रडलं एक लेकरू

शनिवार, २५ ऑक्टोबर. सकाळी सव्वासहा. उदगीर, जुन्या मोंढ्यामागची आमची गल्ली.

हजर: गुरुनाथअप्पा, वय अडुसष्ट, चालक. मी, वय सत्तेचाळीस, यादी आणि औषधं. माझी मुलगी श्रावणी, तेरा. समोरचा अयान, अकरा. शेजारचा अर्णव, दहा, आणि त्याची बहीण ओवी, सहा. एक फोर बाय फोर जीप, जिचं वय विचारायचं नाही. निरोप द्यायला अप्पांच्या पत्नी गिरिजाअक्का. हातात विभूती, चेहऱ्यावर नाराजी.

एवढं लिहून मी वही मिटणार, तेवढ्यात अक्का जीपजवळ आल्या.

“स्टोअरबाई, एक खाना जास्तीचा आखा.”

एका तेल गिरणीच्या स्टोअरला मी बावीस वर्षं आहे, म्हणून गल्लीत माझं नाव स्टोअरबाई. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

“कसला खाना, अक्का?”

“रडलं कोन, त्याचा. एक जरी लेकरू घरी चला म्हणून रडलं, तर हे धूड भोकरला जानार. तिथले ह्यांचे गिऱ्हाईक मारोतराव दोन साल झालं मागून राहिलेत. ह्यांनी शब्द दिलाय. दिला का न्हाई ओ?”

“दिलाय,” अप्पा म्हणाले. “पन रडनार न्हाई कोनी.”

“मागल्या साली ओढ्यात फसलात, ट्रॅक्टर लावून काढलं. तवा कोन रडलं?”

“ट्रॅक्टरवाला रडला.”

मुलं हसली, अक्का हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांच्या कपाळाला विभूती लावली, अयानच्या गालाला हात लावला, आणि मला हळूच म्हणाल्या, “गुडघा गेलाय त्यांचा. नजर कमी झालीय. जंगलात काही झालं तर मला फोनबी लागनार न्हाई. खरं तेच लिहा, बाई.” मी खरं तेच लिहीन असं सांगितलं. मी दुसरं काही लिहीतही नाही.

अप्पांची मोंढ्यात आडत. आता दुकान पुतण्या बघतो, अप्पा सकाळी जाऊन खुर्चीवर बसतात आणि पुतण्या काय चुकतो ते बघतात. उंची बेताची, गळ्यात लिंग, अंगात दोन खिशांचा पांढरा शर्ट. लोक खिशाला पेन लावतात, अप्पा दाभण लावत. पोती शिवायचं वीतभर दाभण, आणि दुसऱ्या खिशात सुतळीचा गुंडा. जगात शिवता येणार नाही असं काही आहे हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी जीपची सीट शिवली, अयानचं दप्तर शिवलं, ओवीची चप्पल शिवली. आमच्या गृहप्रवेशाला त्यांनी काचेच्या सहा कपांचा आहेर दिला, तोही भुशात घालून, बारदान्यात, तोंड शिवून. त्यांच्या शिवणीचं एक टोक ओढलं की सगळी शिवण सरसर सुटते. ते टोक कोणतं हे फक्त त्यांना ठाऊक. आम्ही कात्री लावली. कप पाच निघाले. अप्पा म्हणाले, “टोक विचारलं असतं तर सहा निघाले असते.”

पन्नास वर्षं पोत्यात हात घालून धान्याची ओल ओळखल्यामुळं त्यांचा स्वतःच्या हातावर फार विश्वास. ताप आलेल्या पोराला लोक थर्मामीटर लावतात, अप्पा टाळूवर हात ठेवत, डोळे मिटत आणि सांगत, “वल हाय. दोन दिस उन्हात खेळवा.” त्यांचं एक वाक्य गल्लीतल्या प्रत्येक आईनं ऐकलेलं आहे: “धान्य अन् लेकरं, उन्हात घातली की टिकत्यात.”

जीप त्यांनी साठाव्या वर्षी लिलावात घेतली. ती गल्लीत आली तेव्हा पुढं ट्रॅक्टर होता, मध्ये दोर होता, आणि अप्पा हार घालून स्टिअरिंगवर बसले होते.

अक्कांनी विचारलं, “हे चालत न्हाई का?”

“चालतं की. आत्ता आलं न्हाई का?”

पुढं सहा महिने ते रोज तिच्या पोटाखाली असत. मग एका दिवाळीच्या सुट्टीत ती गल्लीतली पोरं भरून किनवटच्या जंगलाकडं निघाली, आणि तेव्हापासून दर वर्षी निघते. मोठ्यांना का नेत नाही असं मी एकदा विचारलं. “मोठं मानूस तिथं जाऊन सिग्नल शोधतंय,” अप्पा म्हणाले. “लेकरू खेकडा शोधतंय.” या वेळी मला नेलं ते अक्कांच्या हट्टामुळं, साक्षीला.

माझ्या यादीत बासष्ट वस्तू होत्या. अप्पांनी यादी हातात घेतली, वजन करावं तशी वरखाली केली, म्हणाले, “भरतीची हाय,” आणि परत दिली. आदल्या संध्याकाळी सगळं सामान दुकानात नेऊन पोत्यांत भरलं. तंबू एका पोत्यात, भांडी दुसऱ्यात, अक्कांच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी तिसऱ्यात. प्रत्येक पोत्यावर निळ्या रंगात ‘गु’. मी म्हटलं, अप्पा, नंबर टाकू, कशात काय ते कळेल. ते दुखावले. “पोत्याला हात लावला की कळतंय, स्टोअरबाई. पन्नास साल काय केलं मी?”

त्याच संध्याकाळी त्याच ओट्यावर भोकरच्या मारोतरावांसाठी तूरडाळीची पोती लागली होती. तीही ‘गु’. हे मी पाहिलं होतं. मी बोलले नाही. ही माझी चूक मी वहीत नोंदवलेली आहे.

मुखेडवरून नांदेड, नांदेडवरून भोकर. जीपचा वेग सायकलला लाज आणणार नाही एवढाच. मागून हॉर्न वाजले की अप्पा हात बाहेर काढून पुढं जा म्हणत, आणि आम्हाला सांगत, “घाई असंल तर बस हाय.” फक्त भोकरमध्ये त्यांनी जीप पळवली. मारोतरावांचं दुकान रस्त्यावरच आहे. “हितं जीपला नजर लागती,” ते म्हणाले, आणि ओवीनं मागच्या सीटवर स्वतःचंच डोकं झाकून घेतलं.

वाटेत शिकवणी चालू होती. या जीपला तीन दांडे. मोठा गिअरचा. शेजारी दोन छोटे: काळ्या गोळ्याचा दांडा पुढची चाकं जोडतो, लाल गोळ्याचा जोर वाढवतो. अवघड जागा आली की अप्पा जीप थांबवत, हात हवेत धरत आणि ओरडत, “बोला, आता कोनता?” पोरं बरोबर बोलली तरच हात खाली येई. चुकली की अप्पा इंजिन बंद करून बसून राहत. एकदा भर रस्त्यात म्हशींच्या कळपात आम्ही दहा मिनिटं बसलो, कारण अर्णव काळा म्हणत होता आणि अयान म्हणत होता, “भैंसां को कायका गिअर लगता?”

किनवटच्या पुढं डांबर संपलं. मग खडी, मग माती, मग नुसती चाकोरी आणि दोन्ही बाजूंना साग. खुद्द जंगलात राहायला परवानगी लागते, त्यामुळं मुक्काम जंगलाला लागून असलेल्या, अप्पांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या शेतात, बांधावर. शेजारी ओढा. फोनला एकही दांडी नाही. उन्हं कलत होती. अप्पा म्हणाले, “आधी तंबू,” एका पोत्यावर थाप मारली, “हेच,” म्हणाले, टोक ओढलं. शिवण सरसर सुटली.

आत तूरडाळ.

अप्पांनी सवयीनं आत हात घातला, मूठभर डाळ काढली, फुंकली, वास घेतला. “पहिल्या नंबरची हाय,” ते म्हणाले.

“इसमें सोना कैसा, अप्पा?” अयाननं विचारलं.

पन्नास किलो डाळ आणि सहा माणसं. तंबू भोकरच्या वाटेवर. मी वहीत बघितलं. तंबू न मिळाल्यास काय करायचं याला माझ्या यादीत ओळ नव्हती. पण अप्पा उठले. जीपची ताडपत्री काढून एक बाजू जीपला, दुसरी सागाला बांधली. बाकी पोती रिकामी करून, सीटखालची जास्तीची बारदानं घेऊन, दाभण काढून, त्यांनी दोन-दोन बारदानं जोडत सहा पथाऱ्या शिवल्या. पाऊण तास. पोरं सुतळी ओवून देत होती. अर्णव पोत्यात शिरला, फक्त तोंड बाहेर ठेवलं आणि म्हणाला, “मी आता सोयाबीन.” मग चौघंही सोयाबीन झाली आणि अप्पा एकेकाच्या टाळूला हात लावून भाव पुकारत फिरले.

जेवायला डाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळ डाळ, दुपारी घट्ट डाळ, संध्याकाळी डाळीत चुरलेली कडक भाकरी. श्रावणी घरी डाळीत तीन वेळा चमचा फिरवून ताट सरकवणारी मुलगी. तिनं दोनदा मागून घेतली. मी लिहून ठेवलं.

रडण्याच्या खान्यावर मुलांची माझ्यापेक्षा करडी नजर होती. जीप गेली तर पुढच्या वर्षी काही नाही, हे चौघांनाही पक्कं माहीत. त्यांनी आपसात ठरवलं होतं की ज्याला रडू येईल त्यानं चुलीच्या धुराच्या बाजूला बसायचं. दुसऱ्या संध्याकाळी मी पाहिलं तर दुसरी बाजू पूर्ण मोकळी आणि धुरात चौघं दाटीवाटीनं.

“काय झालं रे?”

“धूर गेला, काकू,” तीन आवाज आले.

ओवीला मात्र धुराचा आडोसा पुरला नाही. तिचा खालचा ओठ पुढं आला, आणि आला तो आलाच. अर्णव घाबरून माझ्या वहीकडं बघायला लागला.

“ओवी, घरी जायचं का तुला?” मी विचारलं. विचारणं भाग होतं.

“घरी न्हाई जायचं!” ती मोठ्यानं रडत म्हणाली. “आईला हितं आना!”

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. अयाननं वकिली केली: “काकू, अट घर चलो की थी. ये तो आई को बुलारी.” मी विचार केला. अक्कांचे शब्द आठवले. ‘घरी चला म्हणून रडलं.’ हे मूल तसं रडत नव्हतं. मी खाना रिकामा ठेवला आणि चौघांनी एकदम श्वास सोडला. अप्पा सगळा वेळ डाळ ढवळत होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण डाळीला एवढं ढवळायची गरज नव्हती.

सकाळी मात्र अप्पांच्या वेळेत कोणी लुडबुड करायची नाही. ते ओढ्यात उतरत, गार पाण्यानं “श्श श्श” करत आंघोळ करत, ओल्या अंगानं दगडावर बसत, लिंग तळहातावर घेऊन पूजा करत. तोवर चहासुद्धा नाही. पोरं रोज वीस पावलं लांब रांगेत बसून वाट बघत. अयान टॉवेल धरून. एकदा एक खेकडा अप्पांच्या पायाशी आला. चारही पोरांनी तोंडावर हात धरले. खेकडा अंगठ्यापाशी थांबला, विचार केला, आणि निघून गेला. अप्पांनी डोळे उघडून पहिलं वाक्य म्हटलं, “केवढा होता?”

तिसऱ्या दिवशी शेतमालकानं सांगितलं की समोरच्या टेकडीवर फोन लागतो. अक्कांना खुशाली कळवायला आम्ही चढलो. अप्पा गुडघ्याला हात लावत, दर पन्नास पावलांवर उभे राहून आम्हाला झाडं दाखवत. झाडं सगळी सागाचीच होती. वर पोचल्याबरोबर त्यांचाच फोन वाजला. मारोतराव. अप्पांनी फोन लांब धरला, त्यामुळं सगळ्यांना ऐकू येत होतं.

“अप्पा, ह्यो कोनता वान पाठवलात?”

“कामून?”

“सहा पोत्यांत डाळ हाय. सातव्यात दोऱ्या, खुंट्या अन् कापड निघालं. शिजंल का न्हाई म्हणून बायको विचारून राहिली.”

“तंबू हाय तो, मारोतराव. माझा.”

“तंबू? अस्सं.” पलीकडं आनंद पसरल्याचं आम्हाला टेकडीवर कळलं. “म्हणजे जीपचं पक्कं केलं म्हणा की! सामान आधी धाडलं, गाडी मागून. लई चांगलं केलं, अप्पा. मी शेड मोकळं करून ठेवतो.”

“ओ, तसं न्हाई—” अप्पा म्हणेपर्यंत फोन तुटला. पोरांचे चेहरे पडले. अप्पा फोनकडं बघत राहिले आणि म्हणाले, “शेड मोकळंच राहनार त्येचं. आपलं कोन रडलंय?”

“कोनीच न्हाई!” टेकडीवरून आवाज घुमला.

अक्कांना मी कळवलं: सर्व ठीक, रडणं निरंक. त्या म्हणाल्या, “त्यांचा गुडघा?” मी म्हटलं, टेकडी चढले. “मग दुखत असनार,” त्या म्हणाल्या. “सांगनार न्हाईत तुमाला.”

चौथ्या दिवशी पलीकडच्या डोहावर जायचं होतं. मध्ये एक नाला. वरून पाणी ढोपरभर, खाली चिखल, पलीकडं एकदम चढ. अप्पांनी पोत्यातून धान्याचा नमुना काढायची लोखंडी परखी बाहेर काढली. ती त्यांनी कशासाठी आणली हे मला आत्तापर्यंत कळलं नव्हतं. चिखलात ती खुपसून त्यांनी चार ठिकाणचे नमुने काढले, बोटांनी चोळले, आणि म्हणाले, “हितून जाती.”

मी पुढं बसले होते, ओवी माझ्या मांडीवर. जीप पाण्यात उतरली, निघाली, पलीकडच्या चढाला लागली आणि मध्येच दमली. चाकं फिरायला लागली. जीप हळू मागं सरकू लागली, पाण्याकडं. अप्पांनी हात उचलला आणि दांड्यांच्या वर धरला.

हात तिथंच राहिला.

“बोला” म्हणाले नाहीत. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते तिन्ही दांड्यांकडं बघत होते, अनोळखी गावातला चौक बघावा तसं. ओठ थोडे हलत होते. मागं पोरं वाट बघत होती. त्यांना वाटलं परीक्षा चालू आहे. जीप आणखी हातभर मागं गेली.

“लाल गोळ्याचा!” ओवी माझ्या मांडीवरून किंचाळली. “अप्पा, लाल!”

हात खाली आला. दांडा बसला, इंजिन गुरगुरलं, जीप चढ चढली. वर गेल्यावर अप्पांनी जीप थांबवली, वळून ओवीच्या टाळूवर हात ठेवला आणि म्हणाले, “शाब्बास.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. अर्णव म्हणाला मलाही येत होतं, अयान म्हणाला तुझे कब आता. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

डोहावर पोरं पाण्याशी गेली तेव्हा अप्पा माझ्याजवळ येऊन दगडावर बसले. बराच वेळ सुतळीचा एक तुकडा बोटाला गुंडाळत होते.

“स्टोअरबाई.”

“बोला, अप्पा.”

“तुमी खरं तेच लिवता.”

“हो.”

“मग आजचं काही लिवू नका. एवढीच एक ओळ कमी.”

मी विचारलं, “असं आधी झालं होतं का?”

“एकदा मुखेडजवळ. घरच्या रस्त्यावर.” ते पोरांकडं बघत होते. ओवी अयानला काळ्या आणि लाल दांड्यातला फरक समजावून सांगत होती. “तवा मी एकटा होतो. एकट्याचं काय, झाडाला धडकलं तर झाड.”

एवढंच. मग ते उठले आणि ओरडले, “काय घावलं का न्हाई? खेकडा?” परत येताना त्यांनी नाल्याचा रस्ता घेतलाच नाही. चार किलोमीटरचा फेरा मारून गाडी पुलावरून आणली. पोरं कुरकुरली. अप्पा म्हणाले, “घाई असंल तर बस हाय.”

पाचव्या दिवशी परतीच्या वाटेवर भोकर आलं. अप्पांनी या वेळी जीप पळवली नाही. मारोतरावांच्या दुकानासमोरून ती अगदी सावकाश गेली. दारात आमचा तंबू घडी करून ठेवलेला मागच्यांनाही दिसला.

“अप्पा, तंबू! तंबू राहिला!”

“राहू दे तिथं.”

“कामून अप्पा?”

“राहू दे म्हटलं ना. साकु.” साकु म्हणजे पुरे. अप्पांच्या तोंडी कानडी आलं की गल्लीतली पोरं गप्प होतात, तशी ही झाली. श्रावणीच्या मते मारोतराव जीपवर डोळा ठेवून आहेत म्हणून अप्पा थांबले नाहीत. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी पाचला गल्लीत पोचलो. अक्का दारातच होत्या. किती वेळ होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. जीप थांबायच्या आत मुलं उड्या मारून उतरली, अंगाला बारदान्याचा वास, केसांत डाळीचे दाणे, आणि चौघं एकदम ओरडली, “कोनी रडलं न्हाई! अक्का, कोनीच न्हाई!”

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी वही उघडली. खाना रिकामा होता, आणि मी तसं म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

“रडलं,” अप्पा म्हणाले. ते अजून स्टिअरिंगवरच होते. “एक लेकरू रडलं. घरी चला म्हणलं.”

असा सन्नाटा आमच्या गल्लीत एरवी परीक्षेच्या निकालालाच होतो. मग स्फोट झाला. अर्णवनं अयानकडं बोट दाखवलं, अयाननं अल्लाची शपथ घेतली, ओवी म्हणाली मी आईला बोलावलं होतं, घरी चला नव्हतं म्हटलं, काकूंना विचारा. श्रावणी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आई, वहीत बघ ना! वहीत काय आहे?” मोजमापात आयुष्यात कधी हात न मारलेला माणूस समोर बसून खोटं बोलत होता, आणि पोरांना तो खोटं बोलेल हे सुचतच नव्हतं, म्हणून ती एकमेकांत चोर शोधत होती.

अक्कांनी कोणतं लेकरू ते विचारलं नाही. जिंकल्या होत्या, पण जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या. अप्पांकडं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “पाय धुवा. भाकरी टाकते.” अप्पा उतरताना त्यांनी हात पुढं केला. अप्पांनी तो धरला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी वही मिटली. खरं काय आणि खोटं काय हे ठरवायचं काम माझं होतं, पण मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

दहा दिवसांनी मारोतराव आले. अप्पांनी त्यांना दीड तास दांडे शिकवले. “हात वर धरायचा अन् मोठ्यानं विचारायचं. गाडीत लेकरू असलंच पायजे,” ते सांगत होते, आणि मारोतराव डोकं हलवत होते, गिऱ्हाईक माल हातात पडेपर्यंत हलवतं तसं. इतकी वर्षं ‘धूड’ म्हणणाऱ्या अक्का बाहेर आल्या, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि मारोतरावांना दम दिला, “दार हळू लावा बाबा. तुमच्या वडलांचं न्हाई ते.” पोरांनी जीपकडं पाठ करून उभं राहायचं ठरवलं होतं. गाडी वळेपर्यंत कोणाच्याच्यानं ते जमलं नाही.

त्यानंतर श्रावणीनं एक काम माझ्या गळ्यात घातलं. ती अठराची झाली की लायसन्स काढणार, कुठूनतरी गाडी आणणार आणि सगळ्यांना त्या शेतावर नेणार. “आई, रस्ता लिहून ठेव. तो कुठल्याच नकाशात नाही.” खरंच नाही, मी शोधला. किनवटच्या पुढचं सगळं अप्पांच्या डोक्यात. मी तरी गेले होते, पण वही मांडीवर आणि वहीवर ओवी, तर काय बघणार?

म्हणून दोन रविवार मी त्यांच्या ओट्यावर बसले. ते सांगायचे, मी लिहायचे. एकेका वळणाला पाऊण तास जाई, कारण वळणावर कोणाचं तरी घर असे, घरात म्हातारी असे, म्हातारीनं एका साली तूर विकायला आणलेली असे. तरी सोळा ओळी झाल्या. पाटी, मोह, पडकी विहीर, पहिला नाला. काही नावं त्यांना लगेच आठवत. काहींना ते थांबत. मग मी चहा घेई आणि त्यांना वेळ देई.

दुसऱ्या रविवारी सतराव्या ओळीला आलो. “आता दुसरा नाला. तो उतरलात की बगा—”

आतून अक्कांची हाक आली. पूजेची वेळ झाली होती, पाणी काढलं होतं. अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, खिशाचं दाभण चाचपलं, दाराकडं निघाले. उंबऱ्यावर पाठमोरे असतानाच त्यांनी उजवा हात वर केला आणि हवेत एक लांब वळण काढलं.

“—की असं. समजलं न्हवं?” आणि आत गेले.

परवा त्यांच्या हैदराबादच्या मुलानं त्यांना तिकडं नेलंय, डोळ्याच्या ऑपरेशनला. महिनाभर तरी येणार नाहीत. फोनवर विचारलं तर म्हणाले, “फोनवर कसं दावू, स्टोअरबाई? हात दिसतोय का तुमाला?” वहीत सतरावी ओळ आहे: ‘दुसरा नाला उतरल्यावर.’ पुढं डावीकडं की उजवीकडं, ते विचारून लिहायचं आहे.